डिकीतलं चौदा इंची चाक

परवा आमच्या टीममधल्या एकाने नवीन गाडी बुक केली. गाडी ताब्यात यायला अजून तीन आठवडे आहेत, पण साहेबांचा प्रश्न तयार होता, "अलॉय सोळा घालू की सतरा?" ऑफिससमोरच्या टपरीवर पाच जण होतो. चौघं म्हणाले सतरा. मी म्हटलं, "कंपनीने जो साइज दिलाय तोच ठेव." त्यावर असा हशा पिकला की काय सांगू! तेव्हापासून टीममध्ये माझं नाव 'काका' पडलंय. वय वर्षे अठ्ठावीस फक्त!

कटिंग संपेपर्यंत जे धड सांगता आलं नाही ते आज निवांत लिहितो. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, आणि पावसात मला ही गोष्ट हमखास आठवते.

२०२३ मध्ये मी सेकंडहँड स्विफ्ट घेतली. २०१४ चं मॉडेल, पेट्रोल, व्हीएक्सआय. आधीचा मालक हौशी पोरगा होता. गाडीला काळेभोर १७ इंची अलॉय, त्यावर २०५/४५ चे टायर. खरं सांगायचं तर मी गाडी त्या चाकांकडे बघूनच घेतली. इंजिनाचा आवाज वगैरे मित्राने ऐकला, मी चाकंच बघत होतो. मूळची लोखंडी डिस्क एकच उरली होती, डिकीत, स्टेपनी म्हणून.

गाडी घरी आणली तेव्हा अण्णा खाली उतरले. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही की सीटवर बसून बघितलं नाही. थेट पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही कंपनीची नव्हंत."

"नाही अण्णा, आधीच्या मालकाने घातलीत. चांगली महागाची आहेत."

"महाग असतील. पण रबर कुठंय?"

मी म्हटलं आता यांना काय सांगणार! बसच्या टायरवर आयुष्य गेलेला माणूस, त्याला लो प्रोफाइल म्हणजे काय कळणार? पण मी इंजिनिअर. त्यांना गप्प करायचं तर गणितानेच, असं ठरवून रात्री लॅपटॉप उघडला.

ते गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे, म्हणून थोडक्यात देतो. टायरवर १६५/८० आर१४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्केवारी, म्हणजे टायरच्या भिंतीची (साइडवॉलची) उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. आर म्हणजे रेडियल. रिम नाही, रेडियस तर अजिबात नाही; मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या टायरच्या बांधणीचं ते नाव आहे. आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. युनिट्सच्या अशाच एका घोळात १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावलं गेलं, आणि आपण तसलाच घोळ गाडीला चारही बाजूंनी लावून फिरतो. असो.

आता माझ्या स्विफ्टचा मूळ साइज १६५/८० आर१४. भिंत १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. ती वर एक आणि खाली एक, म्हणजे २६४. रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी. पूर्ण चाकाचा व्यास झाला ६१९.६ मिमी.

आणि त्या मालकाने घातलेला २०५/४५ आर१७? भिंत ९२ मिमी, दोन्ही मिळून १८४.५. रिम ४३१.८. एकूण ६१६.३ मिमी.

फरक ३.३ मिमी. अर्धा टक्का! मूळ व्यासापेक्षा तीन टक्क्यांच्या आत राहा, असा साधारण ठोकताळा सगळे देतात. त्याच्या कितीतरी आत. मी लॅपटॉप उचलून अण्णांच्या समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, म्हणाले, "बरोबर असंल," आणि झोपायला गेले. मी जिंकलो होतो.

हा व्यासाचा हिशोब बिनकामाचा आहे असं अजिबात नाही. गाडीला आपला वेग मुळात कळतो तो चाक किती फिरलं यावरून. समजा हौसेने कोणी याच गाडीला २०५/६५ आर१५ बसवले, तर व्यास होतो ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त. मीटरचा हिशोब जुन्याच चाकाचा, त्यामुळे तो दाखवतो त्यापेक्षा गाडी साडेचार टक्के जास्त वेगात असते आणि किलोमीटर कमी मोजले जातात. शिवाय फुल स्टिअरिंग वळवलं किंवा मागे तीन माणसं बसली की टायर आतल्या लायनरला घासायला लागतो. तेव्हा व्यास तपासायलाच हवा. माझी चूक तो तपासण्यात नव्हती. तेवढंच तपासून हिशोब संपला असं समजण्यात होती.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना हे लगेच कळेल. सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि शुक्रवारी रात्री प्रॉडक्शन झोपलं. का? तर जे बिघडलं त्याची टेस्ट कोणी लिहिलीच नव्हती.

माझं प्रॉडक्शन झोपलं २०२४ च्या जुलैमध्ये. कराडला मावसबहिणीचा साखरपुडा होता. येताना गाडीत आम्ही पाच जण: मी, अण्णा, आई, मामा आणि मामी. डिकीत तांदळाचं पोतं, कारण कराडहून रिकाम्या हाताने येणं आईला मान्य नाही. रात्रीचे साडेदहा-अकरा, पाऊस मी म्हणत होता. खंबाटकीचा बोगदा मागे टाकला, शिरवळच्या अलीकडे एका डायव्हर्जनला पाणी साठलेलं होतं. खड्डा दिसलाच नाही. वेग फार नव्हता, पन्नास असेल. धाडकन आवाज आला, स्टिअरिंग डावीकडे ओढलं गेलं आणि मागून येणाऱ्या ट्रकने जो हॉर्न दिला तो अजून कानात आहे. कशीबशी गाडी कडेला घेतली.

डावा पुढचा टायर भिंतीला बोटभर फाटला होता. रिमची कड आत वाकलेली.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तिला गाडीत बसवून जॅक लावायची माझी हिंमत नव्हती, म्हणून ती मामीच्या खांद्याचा आधार घेऊन छत्रीखाली, रस्त्यापासून लांब चिखलात उभी राहिली. आणि मला नट सोडवता येईनात. वर्तुळाचा परीघ मला दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत काढता येतो, पण जॅकवर चढवायच्या आधी नट ढिले करायचे असतात हे माहीत नव्हतं. शेवटी अण्णांनी मला बाजूला केलं, पाना लावला आणि त्यावर पाय देऊन एकेक नट सैल केला. वय वर्षे चौसष्ट. भर पावसात, मागून धडाधड ट्रक जाताहेत. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग डिकीतलं तांदळाचं पोतं काढून ते चौदा इंची लोखंडी चाक बाहेर काढलं. तीन बाजूंना काळे अलॉय आणि एका बाजूला गंजकी डिस्क अशा अवतारात, चाळीसच्या वेगाने आम्ही घरी आलो. व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळे गाडी सरळ चालली, म्हणजे माझं गणित कुठेतरी उपयोगी पडलं!

दुसऱ्या दिवशी ते फाटलेलं चाक आणि ती स्टेपनी शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. अण्णा जे पहिल्या दिवशी म्हणाले होते ते आता दिसत होतं. रबर कुठंय? एकाची भिंत १३२ मिमी, दुसऱ्याची ९२. चार सेंटिमीटरचा फरक. चाक खड्ड्यात जातं तेव्हा ही भिंत दबते, आतली हवा दबते आणि धक्का पोटात घेते. भिंत जितकी आखूड तितकं रिम जमिनीच्या जवळ. मग खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये रबर अडकित्त्यातल्या सुपारीसारखं सापडतं. कधी लगेच फाटतं, कधी आतले धागे तुटून भिंतीला फुगा येतो. फुगा आलेला टायर घेऊन आठवडाभर फिरणारे लोक मी आता पार्किंगमध्ये ओळखू शकतो.

दुसरी गोष्ट मी वर्षभर वाचलीच नव्हती. साइजच्या शेजारी अजून एक आकडा आणि एक अक्षर असतं. माझ्या स्टेपनीवर ८५टी लिहिलं होतं. ८५ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंतचा वेग. आणि त्या रुबाबदार १७ इंची टायरवर? ८४. म्हणजे ५०० किलो. दिसायला रुंद, किमतीला जवळपास दुप्पट, आणि वजन पेलायला मूळच्यापेक्षा कमी! आता तुम्ही म्हणाल, चार टायर गुणिले ५०० म्हणजे दोन हजार किलो, गाडी माणसांसकट चौदाशेच्या आसपास, मग अडचण काय? अडचण अशी की हे वजन चार चाकांवर सारखं कधीच वाटलेलं नसतं. इंजिन पुढे, ब्रेक दाबला की आणखी भार पुढे, आणि खड्ड्यात आदळताना एकट्या चाकावर क्षणभर जो मार बसतो तो तर वेगळाच. त्याच साइजमध्ये एक्सएल, म्हणजे जादा भाराचे ८८ चे टायर मिळतात. ते स्वस्त पडत नाहीत, म्हणून त्या पोराने घेतले नसावेत.

तिसरी गोष्ट हवेची. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो, त्यावर टायरचा साइज आणि हवेचा दाब असतो. मी दर पंधरा दिवसांनी पंपावर त्या स्टिकरप्रमाणे हवा भरत होतो आणि स्वतःला शिस्तीचा समजत होतो. पण तो दाब १६५/८० च्या टायरसाठी लिहिलेला आहे! टायर बदलला की तो आकडा आपला राहत नाही. त्यात लोड इंडेक्स ही कमाल मर्यादा ठरलेल्या दाबाला असते; हवा कमी असेल तर तेवढं वजन टायर पेलत नाही. म्हणजे कमी भाराचा टायर, आखूड भिंत, त्यात दुसऱ्याच टायरच्या मापाची हवा, वर पाच माणसं आणि तांदूळ. खड्डा फक्त निमित्त झाला.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि पाठोपाठ टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा आमच्याकडे सगळे काँक्रीटला शिव्या घालत होते. मीही घातल्या. पण कमी हवेचा टायर रस्त्यावर फिरताना दर फेऱ्याला जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि शेकडो किलोमीटर एका वेगात न थांबता गेलं तर ती उष्णता निघून जायला वेळच मिळत नाही. रस्ता कुठलाही असो, आधी आपल्या टायरकडे बघायला हवं.

आता 'रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप' या लाडक्या समजुतीबद्दल. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर यात तथ्य आहे. आखूड भिंत कमी झुलते, स्टिअरिंग तत्पर वाटतं, वळणावर मजा येते. ती मजा मी वर्षभर घेतली आहे, खोटं कशाला बोलू? पण टायर रुंद केला म्हणून जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढत नाही. ते मुख्यतः गाडीचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतं. रुंदीने त्याचा आकार जास्त बदलतो, आडवा होतो. आणि साठलेल्या पाण्यात हा आडवा आकारच नडतो. रुंद टायरला पुढचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही नावाला उरतात. नक्षी झिजलेली असेल तर हे आणखी लवकर होतं. जिथे वर्षातले चार महिने पाऊस आणि बारा महिने खड्डे, तिथे जर्मन हायवेला शोभणारे टायर घालून आपण नक्की कोणाला दाखवतो?

माझं मत आता स्पष्ट आहे. टायरचा साइज ही आवडीनिवडीची बाब नाही. रंग आवडीचा घ्या, सीटकव्हर आवडीचं घ्या. साइज मात्र सस्पेन्शन, ब्रेक, मीटर, वजन आणि हवा या सगळ्यांनी मिळून केलेला करार आहे. त्यातली एक बाजू तुम्ही टपरीवर उभं राहून बदलू नका.

मग बदलायचाच नाही का? बदला की, पण कंपनीनेच जी वाट ठेवली आहे तिने जा. माझ्याच गाडीचं वरचं मॉडेल, झेडएक्सआय, १८५/६५ आर१५ वर येतं. त्याचा व्यास काढा: ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५ मिमी. मूळच्यापेक्षा फक्त दोन मिमी जास्त. भिंत १२० मिमी, म्हणजे खड्ड्यासाठी पुरेसं रबर शिल्लक. लोड इंडेक्स ८८, म्हणजे ५६० किलो, मूळच्यापेक्षा जास्तच. आणि हवा किती ठेवायची हे त्या मॉडेलसाठी कंपनीनेच लिहून ठेवलंय. ज्याला मोठं चाक हवंय त्याने रिमची रुंदी आणि ऑफसेट जुळवून हा साइज घ्यावा, माझी काही हरकत नाही. टायरवाल्याचं "साइज मॅच आहे साहेब, टेन्शन नाय" हे खोटं नसतं. तो फक्त व्यासाबद्दल बोलत असतो. भाराचा आकडा, हवेचा आकडा आणि भिंतीची उंची आपण विचारायची.

आणि हौसेचे पैसे खर्च करायचेच असतील तर त्याच साइजमध्ये चांगले टायर घ्या. घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का बघा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, दुकानदार कितीही 'ताजा माल' म्हणू दे. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की कारचा टायर कायद्यानेही बाद, पण पावसाळ्याच्या तोंडावर तिथपर्यंत वाट बघू नका. गोटा झालेल्या टायरवर पाणी कोणाची गय करत नाही.

मी शेवटी लोखंडी डिस्क आणि १६५/८० चेच चार नवे टायर घेतले. गाडी पूर्वीसारखी रुबाबदार दिसत नाही, मान्य. मायलेज थोडं वाढलं, आणि मागे बसून आई आता "हळू घे रे" म्हणत नाही. त्या दिवशी अण्णा पुन्हा खाली उतरले, चारही टायरवर हात फिरवला, एकावर पाना वाजवून बघितला आणि "हां" म्हणाले. एवढंच. माझ्या कुठल्याही अप्रेझलपेक्षा भारी!

तीन चांगले अलॉय अजून गॅलरीत पडून आहेत. एकावर आईने कोरफडीची कुंडी ठेवली आहे. विकायला काढायचे दोनदा ठरवलं. पण गिऱ्हाईक येणार ते स्विफ्टवालंच, आणि त्याच्याही मागच्या सीटवर कोणीतरी बसत असणारच. म्हणून राहिलेत.

बाकी, आज संध्याकाळी बाहेर पडाल तेव्हा ड्रायव्हरचं दार उघडून तो स्टिकर एकदा वाचा आणि मग खाली वाकून टायरवरचा आकडा वाचा. दोन मिनिटांचं काम आहे. सेकंडहँड गाडी असेल तर आधी हेच करा. आणि हो, नट जॅक लावायच्या आधी ढिले करायचे असतात. हे मी तुम्हाला फुकट सांगतोय, मला बरंच महागात पडलं होतं.